चौथी ब आणि धनगरी कुत्रा

कुत्रा पाळायची कल्पना माझी नव्हती. ती आमच्या घरमालकीण काकींची होती, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे वर्षभर त्यांनी ते कबूल केलं नाही.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ असेल. मी कोरेगावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. नवरा सांगलीत, मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचा. दोघांचे जिल्हे वेगळे, त्यामुळे मी बदलीचं नाव काढलं की कचेरीतले लोक हसायचे. तो शनिवारी पॅसेंजरनं यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. त्याच्या शर्टांना हळदीचा वास यायचा. एक शर्ट मी मुद्दाम धुवायचा ठेवून द्यायचे.

खोली मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते. बाई शिक्षिका आहे, एकटी आहे, निर्व्यसनी आहे इथपर्यंत सगळ्या घरमालकांना मी पसंत असायचे. मग आडनाव विचारलं जायचं आणि ते ऐकल्याबरोबर खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. काकींनीही आडनाव विचारलं. ऐकलं. आणि म्हणाल्या, "संडास अंगणाच्या टोकाला हाय, रातच्याला कंदील घिऊन जावा." एवढंच. त्या दिवसापासून मी काकींना कशालाही नाही म्हणत नव्हते. त्या भाजी खारट आहे म्हणाल्या असत्या, तर आपण न केलेल्या भाजीबद्दलही मी माफी मागितली असती. आपल्यामुळे कुणाला बोलायला जागा मिळू नये, अशा बेतानं मी त्या घरात वावरत होते.

तर काकींच्या परसातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब चोरीला गेला आणि काकींनी फर्मान काढलं, "बाई, राखणीला कुत्रं पायजे. तुमी बघा कुठं मिळतंय का."

आमच्या शाळेत म्हसवडकडचे एक गुरुजी होते, धनगराच्या घरातले. त्यांचे चुलते अजून मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन ते पश्चिमेकडे निघायचे, वाटेत कोरेगावच्या रानात मुक्काम करायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, रात्रभरात रानाला खत मिळतं. त्या चुलत्यांनी एक पिल्लू दिलं. करड्या रंगाचं, बोजड पायांचं, चेहऱ्यावर कायम काळजी. गुरुजींनी सांगितलंही होतं, "बाई, मेंढरातलं पिल्लू हाय. त्येला कळप लागतो. एकटं बांधून ठिवू नगा." मी मान हलवली आणि पिल्लाला अंगणातल्या पेरूच्या झाडाला एकटं बांधून ठेवलं.

त्याचं नाव ठेवलं होतं, पण त्या नावाला तो कधीच आला नाही, म्हणून इथे सांगण्यात अर्थ नाही.

उन्हाळा येईपर्यंत ते पिल्लू काही पिल्लू राहिलं नाही. मी त्याला फिरायला नेते असं मला वाटायचं. गल्लीला मात्र तो मला कुठे नेतो ते दिसत होतं. माझी चप्पल एकीकडे, पदर दुसरीकडे, आणि मी साखळीच्या शेवटी "अरे थांब ना, बाळा, थांब ना रे, ऐक ना" असं गयावया करत. गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसायला लागली होती. आमची फेरी संपली की आत जायची.

तो चावत नव्हता, हे आधी सांगायला हवं. चावला असता तर सोपं झालं असतं, सोडून देता आला असता. तो माणसं गोळा करायचा. नळावर बायका पांगून उभ्या दिसल्या की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. साखळी निसटली की वाकून, पोट जमिनीला लावून तो त्यांच्याभोवती फेरी घालायचा, एकेकीला नाकानं ढोसत भिंतीकडे न्यायचा, आणि सगळ्या घागरींसकट एका जागी आल्या की समोर बसून राहायचा. कुणी एक पाऊल बाहेर टाकलं की उठायचा. एकदा अर्धी गल्ली अशी भिंतीला लागून उभी होती आणि नळ मोकळा वाहत होता. त्या बायकांनी माझा जो उद्धार केला तो मी अजून विसरलेले नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं एवढंच होतं की सगळं खरं होतं.

शनिवारी नवरा यायचा तेव्हा कुत्रा त्याला फाटकातून आत घ्यायचा नाही. मी साखळी धरून मागे ओढायचे आणि नवरा बॅग छातीशी धरून बाहेर उभा राहायचा. "अगं, तू शांत राहा. कुत्र्याला आपली भीती कळते," असं तो मला समजवायचा, तेव्हा तो स्वतः शेजारच्यांच्या दगडी कट्ट्यावर चढलेला असायचा. पण एकदा आत घेतला की घेतला. मग तो कळपातला. रविवारी संध्याकाळी कुत्रा फाटकात आडवा पडायचा आणि नवऱ्याला बाहेर जाऊ द्यायचा नाही. पँट ओढायचा, कुंईकुंई करायचा. एकदा तर नवऱ्याची गाडी चुकली. सोमवारी अडत्याला काय सांगायचं म्हणून त्याचं धाबं दणाणलं होतं, आणि मी तोंडानं "काय हे, काय हे" म्हणत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. जे मला दर रविवारी करावंसं वाटायचं आणि लाजेपायी करता यायचं नाही, ते कुत्रा राजरोस करत होता.

मलकापूरहून माझे आई-वडील आले. वडील फौजेतून निवृत्त झालेले. जगातल्या बहुतेक अडचणी हुकूम नीट न दिल्यामुळे होतात असं त्यांचं मत. त्यांनी अंगणात उभं राहून, छाती काढून, "बैठ!" अशी आरोळी ठोकली. शेजारच्या घरात कुणीतरी बसलं असावं, कारण पाट वाजला. कुत्र्यानं दोन्ही पाय वडिलांच्या खांद्यावर ठेवून त्यांचा चष्मा चाटला. वडील म्हणाले, "रिक्रूट कच्चा हाय," आणि आत गेले.

आईचं म्हणणं वेगळं. आई विहारात नेमानं जायची, डोळे मिटून बसायची. ती म्हणाली, "तू आदी तुजं मन जागेवर आण. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघ." मी सकाळी अंगणात सतरंजी टाकून डोळे मिटून बसले. श्वास आत आला. बाहेर गेला. पुढचा श्वास आत आला तो ओला होता, कारण कुत्र्यानं नाक माझ्या नाकाला लावलं होतं. मी डोळे उघडले नाहीत. मग त्यानं सतरंजी ओढायला सुरुवात केली, मला वर बसवूनच. एवढ्यानं मन जागेवर येणं शक्य नव्हतं. मीच जागेवर नव्हते.

आणि मग बेंदूर आला.

आमच्याकडे आषाढात बेंदूर. बैलांना अंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, गोंडे बांधतात, पाठीवर झूल टाकतात, आणि दुपारनंतर वाजतगाजत मिरवणूक काढतात. ती काकींच्या घरावरून जायची. काकींच्या भावकीची मानाची जोडी सगळ्यांत पुढे. काकी नवी नऊवारी नेसून, ताटात पुरणाचा नैवेद्य घेऊन ओट्यावर उभ्या. मी कुत्र्याला आत कोंडून ठेवलं होतं. पण खिडकीचा कोयंडा जुना होता, आणि बाहेर एवढी जनावरं रस्त्यावर पांगून चाललेली दिसत असताना आत बसून राहणं त्याच्या रक्तात नव्हतं.

तो खिडकीतून बाहेर पडला तो थेट मानाच्या जोडीपुढे. भुंकला नाही. वाकला, डावीकडून फेरी घातली, आणि जोडी वळली. त्यामागची वळली. मालक "आरं आरं आरं" करेपर्यंत सगळे बैल तोंडं फिरवून आमच्या अंगणात शिरत होते. वाजंत्रीवाले पुढे होते, त्यांना मागचं काहीच कळलं नाही; ते वाजवत वाजवत वेशीपर्यंत गेले, बैलांशिवाय. आमच्या अंगणात मात्र गावातले निम्मे बैल झुलीसकट दाटीवाटीनं उभे होते, पेरूचं झाड आडवं झालं होतं, काकींच्या ताटातल्या पोळ्या कुठल्यातरी बैलानं खाल्ल्या होत्या, आणि फाटकात कुत्रा बसला होता. एवढा समाधानी मी त्याला कधी पाहिला नव्हता. इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदाच त्याच्या मापाचं काम मिळालं होतं.

काकी त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी माझ्या दारात आल्या. "बाई, तुमी चांगल्या हाय. तुमच्यावर माजा राग न्हाई. पर दिवाळी झाली की ती मेंढरं येतील, तवा ह्येला लावून द्या. न्हाईतर तुमी दुसरी खोली बगा."

मी "व्हय काकी" म्हणाले. काकींना मी दुसरं काही म्हणतच नव्हते. त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं. पुन्हा घरोघर फिरायचं, पुन्हा आडनाव सांगायचं, पुन्हा समोरच्याचा चेहरा बदलताना बघायचा, याचा विचारही मला नको होता. त्यापेक्षा कुत्रा गेलेला परवडला. शिवाय तो कळपात सुखी होईल. मी स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि ते मला पटलंही. पण संध्याकाळी तो माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला, तेव्हा आपण याला देऊन टाकणार आहोत हे माहीत असून त्याला खाजवत बसणं मला जमेना. मी पाय काढून घेतला. तो उठला, जवळ आला आणि पुन्हा हनुवटी टेकली.

गणपती गेले आणि शाळेत तपासणीचे साहेब आले. मोठे कडक म्हणून त्यांची ख्याती होती. माझ्याकडे चौथी ब. मुलं भरपूर, खोली लहान, पत्रे तापलेले. पण वर्गात मी कुणाला घाबरत नव्हते. वर्गात मला कधी ओरडावं लागत नसे, हातात छडी नसे. फळा पुसायचं डस्टर हातात धरून मी हळू आवाजात बोलायचे आणि मुलं ऐकायची. का ऐकायची, याचा मी कधी विचार केला नव्हता.

मधली सुट्टी होती. साहेब मुख्याध्यापकांबरोबर मैदानात उभे होते, मुलं चहूकडे पांगलेली होती. आणि फाटकातून साखळी फरफटत माझा कुत्रा आत आला. गावभर वास काढत आला असणार. त्यानं मैदान पाहिलं. इतकी पांगलेली लेकरं त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

मी वर्गात फळा पुसत होते. बाहेर आरडाओरडा झाला आणि माझा वर्ग भरायला लागला. माझी मुलं आली, मग चौथी अ ची आली, मग तिसरीची. दारात गर्दी, खिडकीत गर्दी, आणि सगळ्यांत शेवटी, मागून कुणीतरी ढोसत असल्यासारखे, साहेब आत आले. त्यांच्या पाठोपाठ कुत्रा. एकच गोंधळ माजला. कुणी रडतंय, कुणी माझ्या खुर्चीवर चढलंय, आणि मुख्याध्यापक बाहेरून "बाई, तुमचं कुत्रं! तुमचं कुत्रं!" म्हणून ओरडतायत.

मला विचार करायला वेळच नव्हता. मी वळले, डस्टर टेबलावर एकदा टेकवलं आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "खाली बसा. सगळ्यांनी."

मुलं बसली. कुत्रा बसला. साहेबही बसले, खाली सतरंजीवर, मुलांमध्ये, मांडी घालून. आपण बसलो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. ते हळूच उठले, पँट झटकली आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "वर्गनियंत्रण चांगलं आहे." माझ्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही.

मी मात्र कुत्र्याकडे बघत राहिले. तो मुलांच्या रांगेत, पुढचे पाय जुळवून, माझ्याकडे तोंड करून बसला होता. म्हणजे याला बसता येत होतं. मी इतके दिवस त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मी त्याला विनंती करत होते. काकींना करायचे तशी, कचेरीतल्या लोकांना करायचे तशी. आणि बिचाऱ्याला वाटत होतं, हिला काही ठरवता येत नाही, तर आपणच सगळ्यांना सांभाळलं पाहिजे.

हे कळलं म्हणजे सगळं जमलं असं नाही. घरी आल्यावर तो आवाज निघेना. अंगणात उभी राहून "बस" म्हणायला जायचे आणि तोंडातून "बस ना रे" यायचं. शेवटी मी शाळेतून एक जुनं डस्टर आणलं. साखळी एका हातात, डस्टर दुसऱ्या हातात, अशी मी गल्लीतून निघाले. काकी ओट्यावरून म्हणाल्या, "बाई, रस्ता पुसायला निगालाय व्हय?" पण डस्टर हातात असलं की पाठ आपोआप सरळ व्हायची. फाटक उघडायच्या आधी मी आईचा तो श्वास घ्यायचे, एकच, त्याचं ओलं नाक मध्ये येण्याआधी. तो पुढे ओढायला लागला की मी थांबायचे. बोलायचे नाही, पाय हलवायचे नाहीत. वर्गात गडबड झाली की मी अशीच थांबते. तो वळून बघायचा. मग पुढे. पहिल्या काही दिवसांत आम्ही शेजारच्या घरापलीकडे पोचलो नाही. ओट्यावरची माणसं कंटाळून आत गेली, हाच पहिला फायदा.

दोनदा त्यानं मला चिखलात पाडलं. एकदा मी रागानं डस्टर फेकून मारलं आणि त्यानं ते आनंदानं परत आणून दिलं. पण दसऱ्यापर्यंत आम्ही नळावरून जात होतो. तो बायकांकडे बघायचा, अंग थरथरायचं, मी "नाही" म्हणायचे आणि तो सुस्कारा टाकून चालायला लागायचा. एक दिवस डस्टर घरी विसरलं हे बाजारात पोचल्यावर, घेवड्याच्या पोत्यांमध्ये उभी असताना माझ्या ध्यानात आलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुत्र्याला मात्र काही फरक पडला नव्हता.

त्या आवाजाची मलाही चटक लागली. रॉकेलच्या रांगेत एक जण मध्ये घुसला, त्याला मी "मागे जा" म्हणाले आणि तो गेला. नवरा चपला घालून स्वयंपाकघरात आला, त्याला "चपला बाहेर" म्हणाले. त्यानं काढल्या, मग दचकून विचारलं, "अगं, तू कुणाशी बोलतेयस?"

फक्त काकींपुढे तो आवाज यायचा नाही. तिथे मी अजून "व्हय काकी" होते. आणि दिवाळी जवळ येत चालली होती. मी त्याला जितकं शिकवत होते तितका तो माझा होत होता, आणि मी ते द्यायच्या दिवसाकरता शिकवते आहे की ठेवायच्या, हे स्वतःला विचारायचं टाळत होते.

दिवाळीची सुट्टी संपता संपता मेंढरं आली. सकाळीच रस्त्यावर धूळ दिसली, मग आवाज. गुरुजींचे चुलते पागोटं सावरत फाटकाशी आले, खांद्यावर घोंगडं. त्यांच्यामागे रस्ताभर मेंढरं, पांगलेली, गवत ओरबाडत. काकी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी कुत्र्याला घेऊन बाहेर आले.

त्यानं कळप पाहिला. त्याच्या घशातून असा आवाज आला जो मी वर्षभरात ऐकला नव्हता. सगळं अंग पुढे झुकलं. मी "बस" म्हणाले. तो बसला. बसल्या जागी कापत होता, पण बसला.

चुलते खूष झाले. "लय गुणाचं कुत्रं झालंया. द्या बाई, आमाला गरजच हाय. औंदा लांडग्यानं लय पिडलंय." त्यांनी साखळीसाठी हात पुढे केला.

काकी वरून म्हणाल्या, "द्या. ठरल्यालंच हाय."

मी साखळी दिली नाही. हातात डस्टर नव्हतं. मी श्वास घेतला आणि म्हणाले, "नाही. हा माझा आहे. मी देणार नाही." मग काकींकडे वळले. त्यांच्याकडे बघून बोलणं सगळ्यांत अवघड होतं. "काकी, तुमचे माझ्यावर उपकार आहेत. खोली सोडायची असेल तर मी महिनाअखेर सोडते. पण कुत्रा जाणार नाही."

मेंढरं ओरडत होती. मला वाटलं आता संपलं, ट्रंक कुठे ठेवली आहे ते आठवायला लागले.

"खोली सोडा म्हणून कोण म्हणलं?" काकी म्हणाल्या.

"तुम्हीच, काकी. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी."

"मी? मी कवा म्हणलं? आन् मी म्हणलं तर म्हणलं. एवढं वरीसभर काय बोलला न्हाईसा, मला काय सपान पडतंय तुमच्या मनातलं?" मग चुलत्यांकडे वळून, "पावणं, च्या घिऊन जावा. कुत्रं न्हाई मिळायचं."

चुलते हसले. त्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला, शीळ घातली आणि मेंढरं पुढे निघाली. मी खोलीत आले, दाराला कडी लावली आणि तोंडात पदर कोंबून रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. आपण नाही म्हणालो आणि घर पडलं नाही, यासाठी असेल. कितीतरी वर्षांचं ते रडणं होतं, लवकर थांबेना.

मग काकींची हाक आली. "आवं बाई! भाईर या की. ह्येला उटायला सांगा. मगाधरनं तसाच बसलाय. मी सांगून दमले, भाकरी दावली, माजं ऐकंना."

मी बाहेर आले. मी त्याला बस म्हणाले होते आणि ऊठ म्हणायला विसरले होते. साखळी माझ्या हातातून कधी सुटली ते मला आठवत नव्हतं. ती मातीत पडली होती. फाटक सताड उघडं होतं. मेंढरं केव्हाच ओढ्यापलीकडे गेली होती, रस्त्यावर धूळसुद्धा उरली नव्हती. तो होता तिथेच, माझ्या दाराकडे तोंड करून बसला होता.

"ऊठ," मी म्हणाले. चौथीच्या वर्गातला आवाज काही आला नाही, रडून घसा बसला होता. तरी तो उठला.